काट्यावरच्या संगणकाची राखण



पूर्वी वजनाची पावती हाताने लिहिली जाई. आज उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन आणि बिल हे सारे संगणकात असते. ऐन हंगामात काट्यावरचा संगणक बंद पडला तर गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो आणि वजन घटते. नुकसान कुणाचे? आपलेच. म्हणून हा विषय ऑफिसवर सोडून चालणार नाही.

अँटिव्हायरस काय करतो?

व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला घातकी प्रोग्राम. त्याला ओळखून अडवतो तो अँटिव्हायरस. या कामात आपल्या भागातली माणसे मागे नाहीत. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी तयार केलेला 'क्विक हील' १९९५ साली बाजारात आला.

अँटिव्हायरसजवळ व्हायरसच्या खाणाखुणांची यादी असते. नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून ही यादीही रोज नवी घ्यावी लागते. गोठ्यातल्या नऊ जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली आणि एक राहिले, तर रोग तिथूनच शिरतो. ऑफिसातल्या एकमेकांना जोडलेल्या संगणकांचे तसेच आहे.

२०१७ चा धडा

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' व्हायरसने सुमारे दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती १४ मार्चलाच मिळत होती. पण अनेकांनी ती बसवलीच नव्हती! पुढे २७ जूनला आलेल्या 'नॉटपेट्या'ने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. विंडोजची दुरुस्ती आणि अँटिव्हायरसची यादी या गोष्टी दोन, पण नियम एकच. औषध कपाटात ठेवून पीक वाचत नाही, ते पिकावर पडावे लागते.

ऑफिसने पाळायची पद्धत

१) एका सर्व्हरने यादी उतरवून घ्यावी आणि बाकी संगणकांना वाटावी. त्यामुळे इंटरनेटवर ताण येत नाही आणि कोण मागे राहिले ते एका जागी दिसते.

२) नेमलेल्या माणसाने रोज सकाळी प्रत्येक संगणकाच्या यादीची तारीख पाहावी. गट ऑफिसचा संगणक दोन-चार दिवस बंद असेल, तर आधी यादी नवी करावी, मगच कामाला लावावा.

३) इशारे वाचावेत. 'अडवले, काढून टाकले' असा इशारा आला तर नोंद पुरे. 'काढता आले नाही' असे आले, तर त्या संगणकाची नेटवर्कची वायर लगेच काढावी आणि जाणकाराला बोलवावे. तोच इशारा त्याच टेबलावरून वारंवार येत असेल तर मूळ शोधावे. बहुतेक वेळा ते पेन ड्राइव्हमध्ये सापडते. इशारे दोघांकडे जावेत, म्हणजे एक रजेवर गेला तरी अडत नाही.

४) नवे अपडेट शक्य तिथे आधी दोन संगणकांवर पाहावे. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटमुळे जगात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. पण पाहायचे म्हणून आठवडा घालवू नये.

५) हिशेबाची एक प्रत रोज वेगळी काढून नेटवर्कपासून तोडून ठेवावी. सगळे फसले तर तीच तारते.

हल्ला झालाच तर लपवू नये. सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवावे, असा २०२२ चा आदेश आहे.

सभासदांनी काय करावे?

नोंदीसाठी गेल्यावर आपला पेन ड्राइव्ह किंवा मोबाईल ऑफिसच्या संगणकाला लावण्याचा आग्रह धरू नये. "एवढं एकच प्रिंट काढा की!" असं म्हणताना जपावं. प्रत्येक वजनाची पावती बिल मिळेपर्यंत सांभाळावी. आणि वार्षिक सभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत: अँटिव्हायरसची मुदत कधी संपते? इशारे कोण वाचतो? हिशेबाची प्रत परत उतरवून शेवटची कधी तपासली?