बिडी सुटत नाही, दोष कोणाचा?

पूर्णगड बंदरावरचे दोन खलाशी बिडी सोडायची म्हणून एकाच दिवशी आले. दोघांनाही निकोटिनची पट्टी दिली. एकाची बिडी सुटली. दुसरा पंधरवड्याने मान खाली घालून आला. "डॉक्टर, माझ्यातच दम नाही," म्हणाला.

तसे नसते. निकोटिनचे विघटन मुख्यतः यकृतातले 'सीवायपी२ए६' हे एन्झाइम करते. त्याचा वेग बराचसा आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. वेग जास्त, तर रक्तातले निकोटिन लवकर उतरते आणि तलफ पुन्हा येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशांना पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिनची गोळी अधिक लागू पडली. मंद वेगाच्यांना दोन्ही सारखेच. उलट गोळीचा त्रास त्यांना जास्त झाला.

ही तपासणी माझ्या दवाखान्यात होत नाही. मी एवढेच विचारतो, उठल्यावर पहिली बिडी किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल, तर व्यसन घट्ट आहे. जनुके यातून कळत नाहीत. पण एक औषध फसले, तर डॉक्टरांना दुसरे विचारावे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

त्या खलाशाला मग गोळी दिली. नारळी पौर्णिमेला भेटला, तेव्हा खिशात बिडी नव्हती. बडीशेप होती.