सर्व्हिस बंद पडली, पण झॅबिक्स गप्प

प्रश्न : ऑफिसातल्या विंडोज सर्व्हरवर झॅबिक्सचा एजंट आहे. सीपीयू, मेमरी, डिस्क सगळं दिसतं. पण बाहेरून घेतलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरची सर्व्हिस बंद पडली, तर ग्राहकाचा फोन आल्यावरच कळतं. काय करावं?

उत्तर : आधी ‘सर्व्हिसेस’च्या खिडकीत त्या सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप बघा. तिथे ‘मॅन्युअल’ असेल, तर कारण बहुधा हेच. झॅबिक्सचं विंडोज टेम्प्लेट सर्व्हिसेस आपोआप शोधतं, पण मूळ फिल्टरनुसार ‘ऑटोमॅटिक’वाल्याच धरतं. अशा सर्व्हिससाठी वेगळा आयटम करा. की ‘सर्व्हिस.इन्फो’, कंसात सर्व्हिसचं नाव. उत्तर ० आलं तर ती चालू, ६ आलं तर बंद. सलग तीन तपासण्यांत ० आलं नाही तरच इशारा जाईल असा ट्रिगर लावा. नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला मेसेज येतील आणि मग ते कुणी वाचणार नाही.

एवढ्यावर मात्र थांबू नका. विंडोज ‘चालू’ म्हणतं तेव्हा फक्त प्रोसेस जिवंत असते. दुकानाचं शटर उघडं आहे, पण गल्ल्यावर कुणी नाही, अशी गत असू शकते. म्हणून ते सॉफ्टवेअर ज्या पोर्टवर ऐकतं, तोही तपासा. वेब पान असेल तर वेब सिनारिओने लॉगिनपर्यंत जाऊन बघा. माझ्या मते खरी तपासणी हीच, कारण ग्राहकाला जे दिसतं ते तीच बघते.

पोर्ट क्रमांक अंदाजाने टाकू नका, विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या.