अर्दितातील विद्युत्-परीक्षण : कोणास व केव्हा?

‘तोंडावरून वारे गेले’ अशी तक्रार असलेला रुग्ण आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी बहुधा प्रथम वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. ‘नसेची तपासणी करू का?’ हा त्याचा पुढचा प्रश्न असतो. ही तपासणी बहुतांशी शहरात होते. प्रवासखर्च होतो, मजुरी बुडते. म्हणून तिचा नेमका उपयोग येथे मांडत आहोत.

प्रथम रुग्णपरीक्षण

चरकाचार्यांनी अर्दित अर्धशरीरात अथवा केवळ मुखार्धात सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी ते मुखापुरते मानले आहे. त्यामुळे ‘अर्दित’ म्हटल्याने विकृतीचे स्थान ठरत नाही. रुग्णास कपाळाला आठ्या घालावयास सांगावे. आठ्या पडत असून केवळ ओठाचा कोपरा ओढला गेला असेल, किंवा हातापायात दुर्बलता, वाणीदोष असेल, तर मेंदूतील विकृतीची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात पाठवावे. कपाळही निश्चल असेल तर दोष बहुधा सातव्या मज्जातंतूत असतो. कानात फोड, कानशिलाखाली गाठ किंवा आठवड्यागणिक वाढणारी विकृती असल्यास तज्ज्ञांचे मत घ्यावे.

परीक्षणाचे स्वरूप

इलेक्ट्रोन्यूरोग्राफीत कानाच्या पाळीजवळ मज्जातंतूस विद्युत्-उत्तेजना देऊन मुखाच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजतात व दोन्ही बाजूंची तुलना करतात. निरोगी बाजूचा प्रतिसाद २ मिलिव्होल्ट व बाधित बाजूचा ०.२ असेल, तर ऱ्हास ९० टक्के धरतात. पहिल्या १४ दिवसांत ९० टक्क्यांहून अधिक ऱ्हास झाल्यास पूर्ण सुधारणेची शक्यता कमी होते. सुईने केलेल्या ईएमजीत रुग्णाच्या प्रयत्नाने स्नायूत संकेत उमटले, तर ते आशादायक असते.

दिवसाचे महत्त्व

तंतू वरच्या भागी बाधित झाला तरी त्याचा खालचा भाग सुमारे तीन दिवस उत्तेजनेस प्रतिसाद देत राहतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा चांगला अहवाल फसवा ठरू शकतो. तीन ते चौदा दिवस हा इलेक्ट्रोन्यूरोग्राफीचा योग्य काळ होय. ईएमजीतील ऱ्हासाची चिन्हे दोन ते तीन आठवड्यांनी दिसू लागतात.

थोडीही हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णास या परीक्षणाची सहसा गरज नसते, कारण त्याची सुधारणा बहुधा चांगली होते. संपूर्ण निश्चलता असेल तरच त्याचा विचार करावा. अहवालामुळे साध्यासाध्यता कळते. व्याधी बरा होत नाही.

अहवालाआधीचे कर्तव्य

स्कॉटलंडमधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी ९४.४ टक्के, तर ते न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के रुग्ण नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झाले होते. म्हणून पहिल्या तीन दिवसांतच रुग्णास त्या उपचाराच्या निर्णयासाठी पाठवावे. मधुमेहाची माहिती सोबत द्यावी. नस्य, मूर्ध्नितैल, नाडीस्वेद ही शास्त्रोक्त चिकित्सा सोबत करता येते, परंतु तिच्यासाठी हे तास दवडू नयेत.

न मिटणारा डोळा सुश्रुताचार्यांनी असाध्य लक्षणांत गणला आहे. आजही दृष्टीस खरा धोका तेथेच आहे. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम व पट्टी, आणि अभ्यंग-स्वेदाच्या वेळी नेत्ररक्षण आवश्यक. डोळा लाल झाल्यास किंवा दुखल्यास नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवावे.

औषधी दुकानदारबंधूंस विनंती की, तेलाची बाटली मागणाऱ्यास ‘तोंड केव्हापासून वाकडे आहे?’ एवढे अवश्य विचारावे आणि तीन दिवसांच्या आतील रुग्णास तेल देण्यापूर्वी वैद्याकडे धाडावे.