परसातले अनोळखी फळ

शास्त्रपाठ : 2 राजे 4:38-41

रत्नागिरीत आम्ही राहायला आलो, त्या घराच्या परसात एक झाड होते. थंडीत ते नारिंगी फळांनी भरले. धनेश पक्षी ती फळे खात. तेव्हा आपणही खायला हरकत नाही, असे मला वाटले. एक फळ फोडून गर तोंडाला लावणार, तोच भेटायला आलेल्या कातकरी आजींनी हात धरला. “दादा, टाका ते! काजरा आहे.”

मग त्यांनी झाडाची ओळख शिकवली. पाने समोरासमोर, चकचकीत. देठापासूनच तीन ते पाच ठळक शिरा. फळाची साल कडक, गर पांढरा, बिया बटणासारख्या चपट्या आणि लवदार. यालाच कुचला म्हणतात. त्यात स्ट्रिक्निन हे जालीम विष असते. पक्षी गर खातात आणि बी न फोडता टाकतात.

गिलगालात दुष्काळ असताना एकाने रानवेलीची फळे न ओळखता हंड्यात चिरून घातली. हेतू भुकेल्यांना जेवू घालण्याचा होता. पण चांगल्या हेतूने विष उतरत नाही. खाणारे वेळीच ओरडले, अलीशाने त्यांचे ऐकले आणि हंड्यात पीठ घातले.

आपण वाडीवर शिकवायला जातो. त्या दिवशी शिकणारा मी होतो. जिला आपण निरक्षर म्हणतो, तिच्याच तोंडून देवाने मला सावध केले.

विचार करा : वाडीवर गेल्यावर आपण किती बोलतो आणि किती विचारतो?