पाण्यातून वीज काढली, मग पाण्यात उरलं काय?

भिवपुरीचं टाटांचं वीजघर 1922 सालचं. डोंगरावरून उतरणारे त्याचे पाइप इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. दहावीला 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडा आला की जलविद्युत केंद्राची आकृती सगळे व्यवस्थित काढतात. तरी एकाने विचारलंच, "सर, वीज काढून घेतल्यावर त्या पाण्यात दम राहतो का? आजोबा म्हणतात, त्यावर पीक नीट येत नाही." त्याच धड्याच्या चाचणीत त्याला पाचपैकी पाच होते!

उत्तर सांगून टाकायचा मोह होतो. तुम्ही सांगू नका. गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी आणा, तळ कापलेली बाटली तिला वर जोडा आणि खालच्या टोकाला रिकाम्या बॉलपेनचं निमुळतं टोक घट्ट बसवा. बुचात आठ प्लास्टिकचे चमचे खोचून चाक करा, आस म्हणून सायकलची तार. आसाला दोरा बांधून त्याला खोडरबर लटकवा. चाकाखाली बादली.

आधी बाटली एक मीटरवर धरा, मग जिन्यावरून दोन, तीन मीटरवर. दर वेळी मोजून एक लिटर पाणी. आमच्याकडे पहिल्या दिवशी रबर हललंच नाही. धार चमच्यांच्या मधून जात होती. तो तास वाया गेला असं मला वाटलं, पण धार नेमकी कुठे लागावी हे पोरांनीच शोधलं. पेल्टन चाकाच्या वाट्या तशा का असतात, ते मग वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता बादलीतलं पाणी मोजायला सांगा. शर्टावर उडालेलं सोडलं तर लिटर जवळपास तसाच. रंग तोच, चव तीच. बदलली ती उंची आणि वेग. मग गणित फळ्यावर मांडा: तीन मीटरवरच्या एका लिटरची स्थितिज ऊर्जा सुमारे 29 जूल, म्हणजे दहा वॅटचा एलईडी दिवा तीन सेकंदही नाही. भिवपुरीला पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येतं. तिथल्या एका लिटरचे 4,900 जूल, गळती न धरता तोच दिवा आठ मिनिटं! हा आकडा ऐकून वर्ग गप्प झाला.

भूगोलही इथेच येतो. आंध्रा नदीचं पाणी मुळात इंद्रायणी, भीमेकडे जाणारं. ठोकरवाडी धरणातून ते पश्चिमेला वळवलं, वीजघरातून सुटलं की उल्हास नदीत येतं, आणि पुढे शहरांना पिण्यासाठी जातं.

पिकाचा प्रश्न मात्र मोजपट्टीने सुटत नाही. म्हणून दोन कुंड्यांत मेथी पेरली, एकीला नळाचं पाणी, दुसरीला चाकावरून आलेलं. खुणा तळाशी लिहिल्या. आठवड्याने कुठली कुठली ते कुणाला ओळखता येईना. त्या मुलाने दोन्ही कुंड्या आजोबांना दाखवायला घरी नेल्या.

करून पाहणार असाल तर कुंड्या एकाच खिडकीत ठेवा. आमची पहिली जोडी उन्हाच्या फरकामुळे फुकट गेली होती.