जाहिरातींतील शेतकरी

वर्तमानपत्र कसें वाचावें याविषयीं आपणांस पुष्कळ उपदेश मिळतो. परंतु वर्तमानपत्रांतील जाहिरात कशी वाचावी हें आपणांस सहसा कोणी सांगत नाहीं. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून सकाळच्या गाडीनें निघालेला गृहस्थ अग्रलेख वाचील, क्रिकेटचें पान वाचील, आणि पूर्ण पानाची जाहिरात लागली कीं ती उलटून टाकील. तरीही ती त्याच्या मनांत शिरतेच. किंबहुना न वाचतां शिरते हीच तिची खुबी होय. म्हणून गेल्या सत्रांत आमच्या अभ्यासमंडळांत आम्हीं अशा एका जुन्या प्रचाराचे कागद मुद्दाम सावकाश वाचावयास घेतले. ते 2015 सालच्या डिसेंबर महिन्यांतील होते, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील एक शेतकरी होता.

आधीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. फेसबुक या अमेरिकन कंपनीनें (2021 पासून तिचें नांव मेटा असें आहे) 10 फेब्रुवारी 2015 रोजीं रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्यानें महाराष्ट्रासह देशाच्या कांहीं राज्यांत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ नांवाची सेवा सुरू केली. या सेवेंत निवडक संकेतस्थळें ग्राहकास फुकट पाहतां येत. बाकीच्या साऱ्या इंटरनेटसाठीं मात्र पैसे मोजावे लागत. निवड कोणत्या अटींवर व्हावी हें फेसबुक ठरवी. नांवांतील ‘ऑर्ग’ हें शेपूट बहुधा धर्मादाय संस्था लावतात, आणि हा तर व्यापारी कंपनीचा उपक्रम, अशी टीका झाली. पुढें सप्टेंबर 2015 मध्यें या सेवेचें नांव बदलून ‘फ्री बेसिक्स’ असें ठेवण्यांत आलें. नांव बदलल्यानें वस्तु बदलत नाहीं. परंतु वस्तूविषयींचें बोलणें बदलतें, हें प्रसिद्धिखात्यांतील लोक पक्कें जाणतात.

फुकट देण्यांत वाईट तें काय, असा प्रश्न मंडळांतही प्रथम निघाला. त्यावर आम्हीं घाटकोपर-अंधेरी मेट्रोचा दाखला घेतला. समजा, उद्यां एखाद्या श्रीमंत दुकानदारानें सांगितलें कीं, घाटकोपरहून निघणाऱ्या गरिबांना तिकीट माफ; मात्र उतरावयाचें तें मीं ठरविलेल्या दोनचार स्थानकांवर. प्रवासी आनंदानें बसेल. परंतु उरलेल्या स्थानकांबाहेर ज्यांनीं लहान दुकानें मांडलीं, त्यांच्याकडे तो प्रवासी पुन्हां फिरकणार नाहीं. आणि दुकानदार म्हणेल, पाहा, मीं किती लोकांना प्रवास घडविला! रस्त्याच्या मालकानें कोणत्याही दुकानाकडे जाणाऱ्या वाटसरूंत भेद करूं नये, या तत्त्वास इंटरनेटच्या व्यवहारांत ‘नेट न्यूट्रॅलिटी’, म्हणजे जालाची तटस्थता, असें म्हणतात.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानें 9 डिसेंबर 2015 रोजीं याच प्रश्नावर एक विचारपत्रिका काढून लोकांचीं मतें मागविलीं. त्याच महिन्यांत प्राधिकरणानें रिलायन्सला ही सेवा तूर्त थांबविण्यासही सांगितलें. येथून जो प्रचार सुरू झाला त्याला तोड नव्हती. वर्तमानपत्रांचीं पानेंच्या पानें जाहिरातींनीं भरलीं, मुंबईच्या रस्त्यांवर फलक झळकले, आणि फेसबुक उघडणाऱ्या ग्राहकांपुढें एक तयार पत्र येऊं लागलें. बटण दाबलें कीं तें प्राधिकरणाकडे रवाना. अमेरिकेंतील कांहीं ग्राहकांनाही भारतीय प्राधिकरणास पत्र लिहिण्याची विनंति गेली! तें चुकून झालें असा खुलासा कंपनीनें केला.

आतां शेतकऱ्याकडे वळूं. 28 डिसेंबर 2015 रोजीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचा स्वतःच्या नांवाचा लेख आला. त्यांत महाराष्ट्रांतील गणेश नांवाच्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. तो फ्री बेसिक्सवर हवामान पाहतो, मालाचे भाव पाहतो, आणि आतां नवीं पिकें व जनावरें यांत पैसा घालूं लागला आहे. गणेशनें पिकाची निगा नीट राखली तर इंटरनेटचें काय बिघडलें, अशा आशयाचा सवाल लेखकानें केला आहे.

हा सवाल आम्हीं फळ्यावर लिहिला, आणि वर्गांत कांहीं काळ शांतता पसरली; कारण त्याला उत्तर देणें खरोखरच कठीण वाटतें. शेतकऱ्याचें नुकसान व्हावें असें कोण म्हणेल? तोंच मागल्या बांकावरील एक विद्यार्थी उठला. त्याचे चुलते सातारा जिल्ह्यांत शेती करतात. तो म्हणाला, “सर, आमच्या काकांना भाव कळतो. बाजारांतला माणूस फोनवर सांगतो. पण काकांना हें कोणी विचारलें नाहीं कीं, फुकट कोणतीं पानें हवीं.” आमच्या मतें सबंध प्रचाराचें मर्म या मुलानें उकलून दाखविलें. वाद दोन पक्षांचा होता: एकीकडे परवानगी मागणारी कंपनी, दुसरीकडे नियम करणारें प्राधिकरण. त्या दोहोंमध्यें गणेशला उभें केलें, म्हणजे कंपनीस विरोध करणारा आपोआप गरिबाचा वैरी ठरतो. गणेश स्वतः मात्र लेखांत एकही वाक्य बोलत नाहीं.

त्याच लेखांत फ्री बेसिक्सची तुलना सार्वजनिक ग्रंथालयाशीं, सरकारी रुग्णालयाशीं व शाळेशीं केलेली आहे. ग्रंथालयांत सर्व पुस्तकें नसतात, तरी तें उपकारकच, असा युक्तिवाद. युक्तिवाद चतुर आहे. परंतु ग्रंथालयाचा ग्रंथपाल स्वतः पुस्तकविक्रेता नसतो, आणि वाचकानें कोणतें पान किती वेळ वाचलें याचा हिशेब ठेवून तो जाहिरातदारांस विकत नाहीं. उपमा दिली कीं वाचकानें ती दोन्ही टोकांनीं ओढून पाहावी.

कंपनीचें सारेंच म्हणणें पोकळ होतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. या सेवेनें प्रथमच इंटरनेटवर आलेल्यांपैकीं निम्मे लोक 30 दिवसांत पैसे भरून पूर्ण इंटरनेट घेतात, असें झुकरबर्ग यांनीं लिहिलें होतें. तें खरें धरलें तर उपयोग आहेच. पण तो आंकडा कंपनीचाच, आणि तो पडताळून पाहण्याची सोय वाचकाजवळ नव्हती.

वर्तमानपत्रांची भूमिका अवघड होती. ज्या पत्रांनीं या वादाची बातमी द्यावयाची, त्यांनाच पूर्ण पानाच्या जाहिरातींचें उत्पन्न मिळत होतें. तरी न्याय म्हणून सांगितलें पाहिजे कीं, ‘टाइम्स’नें विरोधी बाजूचे निखिल पाहवा यांचाही लेख छापला, आणि त्याआधीं, एप्रिल 2015 मध्यें, एनडीटीव्हीसारख्या संस्था या योजनेंतून स्वतः बाहेर पडल्या होत्या. आपल्या पवईच्या आयआयटीसह देशांतील आयआयटी व बंगळूरची विज्ञानसंस्था येथील सुमारे 50 प्राध्यापकांनीं निवेदन काढून फ्री बेसिक्स नाकारावें असें सांगितलें. त्यांच्याजवळ जाहिरातीचा पैसा नव्हता. निवेदनास जागा मिळाली ती बातमी म्हणून.

7 जानेवारी 2016 पर्यंत प्राधिकरणाकडे सुमारे 24 लाख मतें आलीं. त्यांतील जवळजवळ 19 लाख फ्री बेसिक्सच्या बाजूचीं होतीं. मग निकाल उलट कसा लागला? प्राधिकरणानें चार प्रश्न विचारले होते, आणि या तयार पत्रांत त्यांचीं उत्तरें नव्हतीं. विरोधकांनीं तरी काय केलें, असें कोणी म्हणेल. त्यांनींही एप्रिल 2015 मध्यें तयार मसुदा लोकांच्या हातीं देऊन दहा लाखांवर पत्रें पाठविलीं होतीं. परंतु त्या मसुद्यांत तेव्हांच्या 20 प्रश्नांचीं उत्तरें दिलेलीं होतीं. परीक्षेंत पुरवण्या किती जोडल्या यावर गुण मिळत नाहींत, हें तुम्हांस निराळें सांगावयास नको. 8 फेब्रुवारी 2016 रोजीं नियम निघाला: मजकूर पाहून इंटरनेटचे निरनिराळे दर आकारण्यास बंदी, आणि मोडणाऱ्यास दररोज 50 हजार रुपये, फार तर 50 लाखांपर्यंत, दंड. तीनच दिवसांनीं फेसबुकनें ही सेवा भारतांतून काढून घेतली.

उघड प्रचाराहून कठीण असतो तो आडून केलेला. 2011 च्या मे महिन्यांत असें उघडकीस आलें कीं, गूगलविरुद्ध मजकूर छापून यावा म्हणून फेसबुकनेंच एका नामांकित जनसंपर्क संस्थेस नेमलें होतें. आणि ती संस्था आपल्या अशिलाचें नांव न सांगतां पत्रकारांना गाठत होती. एका लेखकानें तो पत्रव्यवहारच प्रसिद्ध केला, म्हणून जगास कळलें. अशा वेळीं जाहिरातीची चौकट नसते, आणि वाचक तो मजकूर बातमी म्हणूनच वाचतो.

फ्री बेसिक्स गेलें, तरी स्वस्त इंटरनेट आलें. मुंबईच्याच रिलायन्स जिओनें 5 सप्टेंबर 2016 पासून सेवा सुरू केली. आरंभीं ती फुकट होती, पण कोणतेंही संकेतस्थळ पाहतां येत होतें. तिच्याही जाहिरातीची कथा आहे. 2 सप्टेंबर 2016 च्या वर्तमानपत्रांत पंतप्रधानांचें चित्र असलेली पूर्ण पानाची जाहिरात आली, आणि त्या चित्रास परवानगी दिलेली नव्हती असें सरकारनें पुढें डिसेंबरांत संसदेंत सांगितलें. एप्रिल 2020 मध्यें फेसबुकनें याच जिओच्या कंपनींत 43,574 कोटी रुपये घालून 9.99 टक्के भाग घेतला.

ही दुसरी जाहिरात मंडळ पुढील सत्रांत वाचावयास घेणार आहे. ज्यांच्या घरीं 2 सप्टेंबर 2016 चा अंक रद्दींत गेला नसेल, त्यांनीं तो आणावा. शक्य तर संपूर्ण अंक आणावा. कारण त्या जाहिरातीच्या आंतल्या पानांवर त्याच कंपनीविषयीं कोणत्या बातम्या होत्या, हेंही आम्हांस पाहावयाचें आहे.