कल्याणच्या रांगेपासून खोडदच्या भुजांपर्यंत

प्रश्न : कल्याणला रांगेत मांडलेल्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण होती म्हणतात. मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या तशा रांगेत का नाहीत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : होती तर! १९६५मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने कल्याणला ३२ छोट्या तबकड्या उभारल्या. २४ पूर्व-पश्चिम, ८ उत्तर-दक्षिण. समान अंतरांची रांग प्रखर सूर्याच्या निरीक्षणासाठी पुरली. पण तबकड्यांमधली सारखी अंतरं तीच माहिती पुन्हा देतात आणि चित्रात खोट्या प्रतिमा उमटतात. म्हणून तबकड्यांच्या प्रत्येक जोडीचं अंतर आणि दिशा वेगळी हवी. खोडदच्या ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशा त्यांच्या दिशाही आकाशाच्या संदर्भात बदलत जातात. मध्यभागी दाटीने १४, पसरट तेजासाठी. दूरवर गेलेल्या तीन भुजांवर १६, बारीक तपशिलासाठी.